झिप सुटता सुटेना

"अहो, आमचा आठ वर्षांचा जुना कॉम्प्युटर, नुसता डबा, झिप फाइल उलगडायचं हेच काम पाऊण तासात करायचा. नवा सव्वादोन तास मागतोय. एसएसडी बदलून द्या."

ड्रोन सर्वेक्षणाच्या एका ऑफिसातून फोन आला, तेव्हा मी त्यांना नवं मशीन जोडून देऊन तीनच दिवस झाले होते. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, साठवणुकीला १ टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी. झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं, ३८ जीबीची आणि तिच्यात नकाशाच्या टाइल्स (छोटे चौकोनी तुकडे), सुमारे ४ लाख १० हजार पीएनजी चित्रं.

हा शेवटचा आकडा ऐकला आणि एसएसडी बदलायचा विषय मी तूर्त बाजूला ठेवला. ३८ जीबीची एक फाइल लिहिणं आणि तेवढ्याच जागेत चार लाख फाइली लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. पीएनजी मुळातच दाबलेली असते, त्यामुळे ती उलगडायला प्रोसेसरला फारसे कष्ट नाहीत. वेळ खातं ते फाइल तयार करणं: एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइली ठेवण्याच्या पद्धतीत) नोंद, फोल्डरच्या यादीत नाव, लिहिणं, बंद करणं, वर अँटिव्हायरसची झडती. एका फाइलला नुसते २० मिलिसेकंद धरले तरी सव्वादोन तास भरतात.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू (प्रोसेसर) १६ टक्के, डिस्क ६ टक्के. ग्राहकाला वाटलं मशीन झोपलंय. पण हा प्रोसेसर १२ थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी १२ कामं चालवणारा, म्हणजे एक थ्रेड पूर्ण दमला तरी आकडा ८ टक्केच दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगितले की खरं चित्र दिसतं. इथे झिप उलगडणारा विंडोजचा एक्सप्लोरर एका थ्रेडभर राबत होता आणि जवळपास तेवढाच भार डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा होता.

तरी हार्डवेअर आधी पाहून घेतलं. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जोडणी पीसीआयई ४.० एक्स४, म्हणजे ड्राइव्ह योग्य स्लॉटमध्ये. रॅमचा वेग मात्र ६००० ऐवजी ४८०० वर. बोर्डचं बायोस अपडेट केलं की एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, बहुधा बंद होतं आणि ते परत चालू करायचं राहिलं होतं. चालू केलं. सेव्हन-झेड (.7z) प्रकारच्या दाबलेल्या फाइलींना त्याचा फायदा होतो, या कामात नावापुरताच.

मग निर्णायक चाचणी. सेव्हन-झिप या झिप उलगडायच्या प्रोग्रॅममध्ये 'टेस्ट' असं बटण असतं. ते झिप वाचतं, उलगडतं, पण डिस्कवर काहीच लिहीत नाही. ३८ जीबी सव्वादोन मिनिटांत तपासून झाली. म्हणजे वाचणं आणि उलगडणं ठणठणीत, अडतंय लिहिताना.

झिप इंटरनेटवरून उतरवलेली होती. अशा फाइलवर विंडोज 'बाहेरून आलेली' असा शिक्का मारतं आणि एक्सप्लोररने उघडली की तोच शिक्का आतल्या प्रत्येक फाइलवर जातो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' केलं. एक्सप्लोरर सोडून सेव्हन-झिपने उलगडली: ३४ मिनिटं. सेव्हन-झिपच्या खिडकीतून फाइली ओढून फोल्डरमध्ये टाकायच्या नाहीत. तसं केलं की त्या आधी टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरून मग तिथून हलू शकतात. राइट क्लिकमधूनच एक्स्ट्रॅक्ट करायचं.

मग झिप एकदा पूर्ण स्कॅन केली, टाइल्ससाठी वेगळा फोल्डर केला आणि तेवढाच फोल्डर डिफेंडरच्या एक्स्क्लूजनमध्ये (झडती न घ्यायच्या यादीत) घातला. ९ मिनिटं.

इथेच बिल फाडता आलं असतं. पण त्यांच्याकडे मोठ्या टिफ चित्रफाइलीही येतात, म्हणून १२० जीबीची एक झिप चालवून पाहिली. सुरुवात ३१० एमबी प्रतिसेकंद. चौथ्या मिनिटाला ९०, परत २५०, परत ९०, आलेख करवतीच्या दात्यांसारखा. एसएलसी कॅशे, म्हणजे एसएसडीतली वेगाने लिहायची मर्यादित जागा, भरली की वेग पडतो, पण तो पडला की खालीच राहतो, आणि ड्राइव्ह तेवढीच रिकामी असेल तर दर वेळी साधारण तेवढेच जीबी लिहून झाल्यावर पडतो. हे वर-खाली होणं तापमानाचं. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसएसडी ८३ अंशांवर. वीस मिनिटं थंड होऊ दिली, पुन्हा चालवली. वेग परत आला आणि ८३ ला पुन्हा कोसळला.

मशीन बंद, प्लग काढला, ग्राफिक्स कार्ड उतरवलं, एसएसडीच्या एम.२ स्लॉटवरच्या हीटसिंकचा (उष्णता ओढणाऱ्या पट्टीचा) स्क्रू सैल केला. तिच्याखालच्या उष्णता पोचवणाऱ्या पॅडवर, बसवताना सोलायचं असतं ते निळसर प्लास्टिक जसंच्या तसं. एसएसडीच्या चिपांचे चौकोन त्यावर स्वच्छ उमटले होते. हे मशीन माझ्याच बाकावर जोडलेलं, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. प्लास्टिक सोललं, पॅड नीट बसला, स्क्रू आवळला. तीच १२० जीबी: ६१ अंश, आलेख सपाट.

"मग जुना डबा कसा काय पळायचा?" हा प्रश्न उरलाच होता. त्यावर सेव्हन-झिप आधीपासूनच होतं, आणि एक्स्क्लूजनमध्ये कुणीतरी कधीकाळी अख्खा डी ड्राइव्ह घालून ठेवला होता. ती नोंद मी तिथेच काढून टाकली आणि निघताना नव्या मशीनवर टाइल्सच्या फोल्डरचीही काढली. पुढची झिप आधी स्कॅन करून मगच ती परत घालायची, एवढं त्यांच्या ऑपरेटरला दाखवून ठेवलं.