नंबर गेला, लांबी राहिली

त्या दिवशीची पेशंट होती आठ वर्षांची मुलगी. फाईल तिच्या नावाची, अपॉइंटमेंट तिची. सोबत आलेल्या वडिलांच्या डोळ्यांत बघायचं मला काही कारणच नव्हतं.

लहान मुलांचे डोळे तपासणं हे माझं रोजचं काम. मायनस नंबरची मुलं घेऊन येणारे आईवडील बहुधा धास्तावलेले असतात. हे वडील मात्र निवांत होते. मुलीचा नंबर वर्षभरात मायनस दोनवरून मायनस सव्वातीनवर गेला होता. मी म्हटलं, ही वाढ जास्त आहे, आता नुसता चष्मा बदलून भागणार नाही, नंबराचा वेग कमी करणारे थेंब रोज घालावे लागतील. त्यावर ते हसून म्हणाले, "डॉक्टर, माझा तर मायनस आठ होता. चोविसाव्या वर्षी लेसर केलं, आज चष्म्याशिवाय गाडी चालवतो. हिचंही मोठी झाल्यावर करून टाकू. एवढ्यासाठी रोज थेंब कशाला घालायचे?"

हा युक्तिवाद अडाणीपणाचा नाही, हे मी आधीच सांगून टाकते. चष्मा हाच आजार असं मानलं, तर चष्मा गेला की आजार गेला. कित्येक सुशिक्षित घरांत असाच समज असतो, कारण चष्मा लिहून देताना डोळ्याची लांबी किती आहे हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

म्हणून मी आधी लांबी मोजते. मुलगी यंत्रापुढे बसली, हनुवटी टेकवली आणि आतल्या दिव्याकडे बघायला सांगितल्यावर श्वाससुद्धा रोखून धरला. यंत्राचा डोळ्याला स्पर्श होत नाही, काही क्षणांत आकडे येतात. उजवा २४.८ मिलिमीटर, डावा २४.७. जन्मतः बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो आणि मोठ्या माणसाचा साडेतेवीस ते चोवीसच्या आसपास. या मुलीने आठव्या वर्षीच मोठ्या माणसाची लांबी ओलांडली होती, आणि वाढीची कितीतरी वर्षं अजून बाकी होती. डोळा एक मिलिमीटरने लांबला की अडीच ते तीन नंबर वाढतो. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, पडण्याऐवजी त्याच्या पुढे पडते आणि लांबचं धूसर दिसतं.

मग बाहुली मोठी करणारे थेंब घातले. मुलांची खरी तपासणी या थेंबांशिवाय होत नाही. जवळचं बघायचा स्नायू त्यांच्या डोळ्यांत इतका जोरकस असतो, की तो आखडलेला असताना नंबर खोटाच जास्त दाखवतो. थेंब झोंबले, ती रडली, मग वडिलांच्या कुशीत जाऊन बसली. असर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो.

मधल्या वेळात मी बाहेर आले, तर वडील डोळ्यासमोरून हाताने काहीतरी उडवत होते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. हवेत काहीच नव्हतं.

"डास आहेत का इथे?" मी विचारलं.

ते बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "डास नाहीयेत. बाबा कालपासून असंच करतोय."

मी त्यांना आत बोलावलं. काळे ठिपके कधीपासून? काल सकाळपासून, एकदम खूप. कडेला वीज चमकल्यासारखं होतं? हो, रात्री दिवा बंद केला की. स्क्रीनसमोर फार बसल्यामुळे असेल असं त्यांना वाटलं होतं. एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार? नाही, तसं नाही. हे शेवटचं उत्तर ऐकून मला थोडा धीर आला. पण थोडाच.

आमचे रेटिनाचे डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. वडिलांची बाहुली मोठी करून त्यांना लगेच तिकडे पाठवायचं मी ठरवलं, तर ते उठायलाच तयार होईनात. "माझं कशाला? माझ्या डोळ्यांचं तर लेसर झालंय." शेवटी कसेबसे तयार झाले आणि मुलीशेजारी बसून त्यांनीही थेंब घालून घेतले. मघाशी रडलेली मुलगी आता वडिलांना सांगत होती, "जरा वेळच झोंबतं."

उजव्या डोळ्यात, वरच्या बाहेरच्या भागात, पडदा फाटला होता. घोड्याच्या नालेच्या आकाराची फाट आणि तिच्या कडेला पाणी शिरायला नुकती सुरुवात झालेली. हे पाणी मागे पसरत गेलं, तर पडदा सुटून खाली येतो आणि तो मध्यबिंदूपर्यंत सुटला, तर शस्त्रक्रिया करूनही नजर पहिल्यासारखी होईलच असं नसतं. त्या दुपारीच फाटेभोवती लेसरने डाग देऊन तिला कुंपण घातलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना अशी फाट नवीन नाही. पण मुलीच्या तपासणीला आलेल्या माणसात ती वेळेत सापडली, याचं बरं वाटणं मला लपवता आलं नाही.

नंतर त्यांच्या डोळ्याची लांबी मोजली. २६.९ मिलिमीटर.

डोळे दिपलेले, खुर्चीत मागे टेकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझा नंबर गेला, पण डोळा तसाच राहिला?"

हो, अगदी तसंच. मी कागदावर डोळा काढून दाखवला. नंबर काढायच्या लेसरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला, नवा आकार दिला जातो. त्यात निघणारी जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजायची. प्रतिमा परत पडद्यावर येते, चष्मा सुटतो. मागचा लांबलेला डोळा मात्र तेवढाच लांब राहतो. फुगा जितका फुगवावा तितकं त्याचं रबर पातळ होतं, तसा लांब डोळ्याचा पडदा ताणून पातळ होतो. आतला जेलीसारखा द्रवही मायनस नंबरवाल्यांत लवकर पातळ होऊन पडद्यापासून सुटतो. सुटताना ओढ बसली की वीज चमकल्यासारखं दिसतं आणि ओढ जास्त झाली की पडदा फाटतो. पडद्याच्या मध्यभागाची झीज, काचबिंदू, लवकर येणारा मोतीबिंदू या सगळ्यांची जोखीम नंबराबरोबर चढत जाते. मोठा नंबर असलेल्या प्रत्येकाला हे होतं असं मुळीच नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण लेसर झालेल्या माणसाने दर वर्षी पडदा तपासून घ्यायला हवा, हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

आता मुलीबद्दलचं बोलणं अगदी वेगळ्या पातळीवर सुरू झालं. "हिचा नंबर घालवा," असं ते म्हणाले नाहीत. "हिची लांबी थांबवा," म्हणाले.

थांबवता येत नाही, वेग कमी करता येतो. या एका वाक्यावर मी नेहमी अडून बसते, कारण इथे खोटी आशा दिली की सहा महिन्यांत पालक औषध सोडतात. वेग कमी झाल्याने काय मिळतं? २०१९ साली बुलिमोर आणि ब्रेनन या संशोधकांनी मोठमोठे अभ्यास एकत्र करून दाखवलं, की शेवटचा नंबर एकाने जरी कमी राहिला तरी पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेची जोखीम सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मायनस आठवर जाऊ शकणारी मुलगी मायनस पाचावर थांबली, तर चष्मा राहीलच, पण डोळा पुष्कळ सुरक्षित राहील.

त्यांनी विचारलं, नंबर मुद्दाम थोडा कमी दिला तर? हा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता. तो मला मनापासून खटकतो. मलेशियात हा प्रयोग झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. कमी नंबरचा चष्मा लावलेल्या मुलांचा फायदा तर झाला नाहीच, उलट त्यांचा नंबर थोडा जास्त वाढला. शिवाय मूल वर्षभर फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं ते वेगळंच.

अॅट्रोपिन या औषधाचे सौम्य थेंब हा मी सुचवलेला एक उपाय. हाँगकाँगमधल्या 'लॅम्प' नावाच्या अभ्यासात ४ ते १२ वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या तीव्रतेचे थेंब दिले होते. पहिल्या वर्षी औषध नसलेल्या थेंबांवर नंबर सरासरी ०.८१ ने वाढला, ०.०१ टक्क्याच्या थेंबांवर ०.५९ ने आणि ०.०५ टक्क्याच्या थेंबांवर ०.२७ ने. तीव्रता वाढली की उजेड थोडा जास्त खुपतो, आणि औषध अचानक बंद केलं की नंबर उसळी घेऊ शकतो. म्हणून हे काम वर्षांचं आहे, महिन्यांचं नाही.

दुसरा उपाय खास चष्म्याचा. त्याच्या काचेचा मध्यभाग साध्या नंबरचा असतो आणि भोवती शेकडो सूक्ष्म भिंगं असतात. मध्यातून स्पष्ट दिसतं, आणि त्याच वेळी ही भिंगं काही प्रकाश पडद्याच्या अलीकडे एकत्र आणतात. डोळ्याला तो 'आता लांबू नकोस' असा निरोप ठरतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा चष्म्याने नंबराची वाढ ५२ टक्क्यांनी आणि लांबीची ६२ टक्क्यांनी कमी झाली. वाढ जोरात होती, म्हणून या मुलीला मी दोन्ही दिले. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्सही आहेत, त्यांचाही उपयोग होतो. पण त्यांची स्वच्छता चुकली तर कॉर्नियाला जंतुसंसर्ग होतो, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या घरी आत्ता ती जबाबदारी टाकायची माझी इच्छा नव्हती. नंबराची वाढ रोखायला वापरतात त्या लाल प्रकाशाच्या यंत्राचं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्याला मी ठाम नकार दिला. त्या प्रकाशाने एका मुलीच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद २०२३ साली छापून आली आहे. निरोगी पडद्यावर असा प्रयोग मी माझ्या पेशंटवर करणार नाही.

सहा महिन्यांनी मुलगी आली. उजवा डोळा ०.०९ मिलिमीटरने वाढला होता, डावा ०.०८ ने. थेंब एकही रात्र चुकले नव्हते. रोज झोपायच्या आधी बाबाच घालतो, असं तिने सांगितलं. वडिलांचा पडदा आमच्या रेटिनाच्या डॉक्टरांनी पुन्हा बघितला, कुंपण पक्कं झालेलं होतं.

या वेळी त्यांनी पाच वर्षांच्या धाकट्यालाही आणलं होतं. त्याची काहीच तक्रार नव्हती, चार्टवरची शेवटची ओळही त्याने धडाधड वाचली. पण थेंब घालून तपासल्यावर नंबर आला अधिक पाव, म्हणजे प्लस ०.२५. पाचव्या वर्षी डोळ्यात अधिक नंबराची शिल्लक यापेक्षा बरीच जास्त असायला हवी. ती इतकी कमी आणि वडिलांचा नंबर मोठा, म्हणजे हा मुलगा मायनस नंबराच्या रांगेत उभा आहे. त्याला चष्मा नको, आत्ता औषधही नको. त्याला हवा बाहेरचा उजेड. घरातला प्रकाश बहुधा काहीशे लक्सचा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक), बाहेर दिवसा सावलीतही हजारोंचा, आणि तेवढ्या प्रकाशात पडद्यात डोपामिन हे रसायन स्रवून डोळ्याची लांबायची घाई कमी होते, असं मानलं जातं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांनी दिवसाला फक्त ४० मिनिटं मुलांना जास्त बाहेर काढलं. २०१५ साली निकाल आला तेव्हा तीन वर्षांत चष्मा लागलेली मुलं ३०.४ टक्के होती, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. नंबर लागायच्या आधी या उपायाचा जोर सगळ्यात जास्त असतो.

"किती वेळ?" वडिलांनी विचारलं.

"रोज दोन तास. खेळलाच पाहिजे असं नाही, बाहेर असला की झालं. पुस्तक हातभर लांब धरायचं. आणि सहा महिन्यांनी दोघांना एकत्रच आणा, याचीही लांबी आजपासून लिहून ठेवतेय."

धाकटा तोवर हनुवटी टेकवून यंत्रापुढे बसला होता. ताई त्याला सांगत होती, "हलायचं नाही, आतल्या दिव्याकडे बघ." उजवा २२.७, डावा २२.७. मी त्याची नवी फाईल उघडली आणि आकडे लिहिले.