सेलेनियमसाठी पाणी तपासताना

डिसेंबर 2024च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस हातात यायला लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं खरं, पण नायट्रेटनं टक्कल पडत नाही. पुढे महाडचे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यांच्या तपासणीत किलोमागे सुमारे 14 मिलिग्रॅम सेलेनियम आढळलं, आणि गहू धुऊनही ते फारसं कमी झालं नाही. सेलेनियम हे खनिज शरीराला अगदी थोडंच लागतं, जास्त झालं की केस गळतात.

हिशेब मांडून बघा. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.01 मिलिग्रॅमच चालतं, पर्यायी स्रोत नसला तरी सवलत नाही. या मर्यादेचं तीन लिटर पाणी प्यालं तर पोटात 30 मायक्रोग्रॅम जातं. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 400. तसल्या 300 ग्रॅम गव्हातून मात्र 4,000 च्या वर जातं. म्हणून पाण्याचा अहवाल ठीक आला तरी धान्य तपासल्याशिवाय थांबू नका.

नमुना घेताना बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. अर्धा लिटरची आम्लानं धुतलेली प्लास्टिकची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागा. भरल्यावर तीव्र नायट्रिक आम्ल साधारण 1 मिलिलिटर घालून पीएच 2 च्या खाली आला का, हे पट्टीनं पाहा. पाणी अल्कधर्मी असेल तर जास्त आम्ल लागतं. हे काम हातमोजे घालून, माहीतगारानंच करावं.

खरी चूक पुढे होते. पाण्यात सेलेनियम सेलेनाइट आणि सेलेनेट अशा दोन रूपांत असतं. हायड्राइड पद्धतीत (सेलेनियमचा वायू करून मोजतात) सेलेनेट मोजलंच जात नाही; आधी हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून त्याचं सेलेनाइट करावं लागतं. ही पायरी गाळली की आकडा खोटा कमी येतो. एकूण सेलेनियम मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर ही अडचण नाही. तेव्हा कोणत्या पद्धतीनं मोजलं, हे विचाराच.

उकळून सेलेनियम जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा दाखवतं, त्याला सेलेनियम वेगळं कळत नाही. पाण्यात लोहक्षार घातले तर सेलेनाइट तळाशी बसतं, सेलेनेट जवळजवळ तसंच राहतं. आरओ दोन्ही काढतं, पण पडदा जुना झाला की गळती सुरू होते, म्हणून गाळलेलं पाणीही तपासा. आरओचं सांडपाणी गुरांना किंवा परसबागेला देऊ नका. सेलेनियम चाऱ्यात चढतं. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात तसा चारा खाऊन गुरांची खुरं गळतात.