तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पहिलं ब्रेक ऑइल

परवा साताऱ्यात पोवई नाक्याजवळ चहाला थांबलो होतो तर एका पोराने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून सायलेन्सर बघितला, टायरवरचे आकडे वाचले आणि मग जवळ येऊन तोच प्रश्न, "दादा, ट्रॅकला नेता ना ही? मग पहिलं काय टाकलं, रिमॅप का सायलेन्सर?" (ट्रॅक म्हणजे शर्यतीचा रस्ता, रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं.) हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी विचारलाय, लग्नाच्या पंगतीत, आरटीओच्या बाहेर, एकदा तर दशक्रियेला घाटावर, की म्हटलं आता एकदाच नीट लिहून टाकू.

तर उत्तर आहे ब्रेक ऑइल. त्या पोराचं तोंड पडलं, तुमचंही पडलं असेल, हरकत नाही.

गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ ला आली ती, १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. रांजणगावच्या कारखान्यातली, म्हणजे तशी गाववालीच. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का तालमीत जाऊन आलेली हॅचबॅक म्हणायचं ते तुम्ही ठरवा, माझी ऐपत तेवढीच होती आणि ती पण सेकंडहँड.

आणि मी पण आधी नेमकं तेच केलं होतं जे तो पोरगा करणार आहे. रिमॅप आणि सायलेन्सर, दोन्ही मिळून ७० हजार. आवाज असा झाला की सज्जनगडाकडून येताना बोगद्यात शिरलो की इकडे समर्थ मंदिराच्या चौकात माणसं मान वळवून बघायची. मला वाटलं झालं, गाडी ट्रॅकला तयार. मग कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर नवख्यांसाठी एक ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर फिरवायचा दिवस, होता त्यात नाव घातलं आणि हजार किलोमीटरहून जास्त गाडी हाणत गेलो, जाताना हायवेला तिने जे काही ओढलंय म्हणता, मी मनातल्या मनात बक्षीसही घेऊन टाकलं होतं (ट्रॅक डेला बक्षीस नसतंच, ती शर्यत नसते, हे मला तिथं जाऊन कळलं).

पहिले तीन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मस्त गेले. चौथ्या लॅपला सरळ पट्टा संपला, ब्रेकवर पाय टाकला आणि पेडल गेलं. गेलं म्हणजे चिखलात पाय रुतावा तसं गुपचूप खाली, खालच्या मॅटला टेकलं. परत दाबलं, परत दाबलं, तिसऱ्यांदा थोडं काहीतरी हाताला, म्हणजे पायाला लागलं, तोवर वळण येऊन गेलं होतं आणि मी सरळ गवतात. खडी, धूळ, बंपरच्या जाळीत मूठभर गवत. लागलं काहीच नाही, पण ट्रॅकवर लक्ष ठेवणारा मार्शल पळत आला तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. दहा मिनिटं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत, गाडी उभी राहिली आणि पेडल परत ताठ, जसं काही झालंच नाही. तेच जास्त भीतीदायक वाटलं मला.

तिथूनच आमच्या आण्णांना फोन लावला. आण्णा म्हणजे एमआयडीसीतले आमचे मिस्त्री, निम्मं आयुष्य ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रकांत गेलेलं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ऑइल कवा बदललंय?" मी म्हटलं इंजिनचं का, नुकतंच बदललंय. "इंजिनचं न्हाय रं, ब्रेकचं." मला आठवेना, कारण ते मी कधी बदललंच नव्हतं आणि आधीच्या मालकाने पण बदललं असण्याची शक्यता शून्य.

गोष्ट अशी आहे की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. झाकणातून, रबरी पाइपमधून थोडं थोडं, आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथं ऑइलने काय करावं. नवीन डॉट ४ ऑइल (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे) निदान २३० अंशापर्यंत तरी उकळायला नको असा नियम आहे, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हद्द १५५ वर येते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४०. आता पातळ पदार्थ दाबून दबत नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, पण ऑइल कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागात, उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दबते. तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो, डिस्कला काही मिळत नाही. थंड झालं की बुडबुडे विरतात, पेडल ताठ होतं आणि तुम्हाला वाटतं आपल्यालाच भास झाला.

एवढं तापतं कशाने? मी घरी येऊन हिशोब केला. गाडी, मी आणि पेट्रोल मिळून १३०० किलो धरा, ताशी १४० वरून ६० वर आणली की जेवढी उष्णता बाहेर पडते तेवढ्यात अडीच लिटर नळाच्या पाण्याला उकळी येईल, आणि ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्येच जाते. एका वळणाला. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, दीड मिनिटात फिरून तुम्ही परत तिथंच, डिस्कला थंड व्हायला वेळ कुठं मिळतो. आण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले गुऱ्हाळावर काहिलीखाली जाळ घालत राहिलं की रस थांबतोय व्हय. आणि मी काय केलेलं, ७० हजार खर्चून तो जाळ वाढवला होता. गाडी जास्त जोरात त्या वळणापाशी नेण्याची सोय केली आणि थांबवण्याची नाही.

दुसऱ्या वेळेआधी जे केलं त्याचा खर्च ऐका. चांगलं डॉट ४ ऑइल, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून पूर्ण बदलायला मजुरीसकट बाराशे रुपये. आण्णा ब्रेकच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडत होते आणि मी आत बसून दाब, धर, सोड. जुनं ऑइल बाटलीत आलं ते टपरीवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं, आणि हळूहळू नळीत मधाच्या रंगाचं नवीन यायला लागलं. ती बाटली मी अजून ठेवलीय, कुणी फार वाद घातला की दाखवतो. (डॉट ५.१ पण चालतं, पण नुसतं डॉट ५ ते सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, नावाला फसू नका.)

मग डिस्कवर घासणारे पुढचे पॅड जास्त तापमान सोसणारे टाकले. हे नवीन पॅड टाकले की आधी बसवून घ्यावे लागतात, पहाटे रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, परत ब्रेक, आठ-दहा वेळा, आणि मग न थांबता सावकाश चालवत थंड करायचं. ट्रॅकवरून पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, लाल तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतो आणि मग ब्रेक मारताना गाडी थरथरते. पहिल्या गिअरमध्ये सोडा किंवा चाकाला दगड लावा. आणि एक ओळखायला शिका, पेडल ताठ आहे, जळका वास येतोय पण गाडी थांबत नाही तर पॅड जास्त तापलेत, आणि पेडलच खाली जातंय तर ऑइल उकळलंय, दोन वेगळे रोग आहेत.

टायरबद्दल लोक फक्त कंपनी विचारतात, हवा कुणी विचारत नाही. सकाळी थंड टायरमध्ये ३२ भरली तर पाच-सहा लॅपनंतर ३८-३९ दाखवते, टायर फुगून मधल्या पट्ट्यावर चालायला लागतो आणि पकड जाते. म्हणून गेज जवळ ठेवायचं आणि गरम असताना मोजून सोडायची. मी शाळेच्या कॅनव्हास बुटांची पांढरी पॉलिश टायरच्या कडेला लावतो, कडेवर कुठपर्यंत घासलं गेलं ते लगेच दिसतं, फारच खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे. पण परत निघायच्या आधी हवा भरायला विसरू नका, मी एकदा विसरलो होतो, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, हा दुसरा लाडका विषय. आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर सोडा, या गाडीला पुढे मॅकफर्सन सस्पेन्शन आहे, फार खाली बसवली की खालचा आर्म उलटा वर तिरपा होतो आणि वळणावर गाडी कमी झुकण्याऐवजी जास्तच झुकायला बघते. दिसायला मात्र झकास, फोटोत. मी फक्त पुढच्या चाकांना थोडा कॅम्बर देऊन घेतला, म्हणजे चाकं वरून जरा आत झुकवली, कारण टायरची बाहेरची कडच खाल्ली जात होती.

बाकी सीट. वळणावर अंग घसरतं आणि माणूस स्टिअरिंगला लोंबकळतो, मग हात चालवणार कसा. फुकटचा उपाय, सीट मागं घ्या, बेल्ट लावा, झटका देऊन लॉक करा आणि तसाच धरून सीट पुढं सरकवा, बेल्ट घट्ट आवळतो. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाना, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचं मॅट, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपती काढायला लावला तेव्हा मला कसंतरीच झालं, रुमालात गुंडाळून पिटमध्ये ठेवला. आईला सांगितलेलं नाही.

रिमॅप ठेवलाय का, असं पण विचारतात. नाही, परत मूळचा करून घेतला. पुढची चाकं वळणातून बाहेर पडताना जागेवरच फिरत होती, जास्तीची ताकद टायरच्या धुरात जात होती. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ वर्णनाशी आरसी बुकातली माहिती जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही, आणि मला याच गाडीने रोज कामाला जायचं असतं. इन्शुरन्सची पॉलिसी पण एकदा वाचा, शर्यत आणि वेगाची चाचणी याला साधी पॉलिसी लागू होत नाही असं तिच्यात स्वच्छ छापलेलं असतं. गवतात जायचं ते स्वतःच्या खिशातून.

आणि यवतेश्वरच्या घाटात किती पळते हे मला विचारू नका. घाटात मी साठी उलटलेल्या माणसासारखा चालवतो. कासकडून फुलं बघून येणारी कुटुंबं, धुकं, मधूनच गवा, तिथं ना मार्शल ना मोकळं गवत, कठड्यापलीकडे सरळ दरी.

त्या पोराची गाडी शेजारीच उभी होती, त्याला म्हटलं बॉनेट उघड. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून मोबाइलची टॉर्च मारली. आत काळाकुट्ट चहा. कधी बदललंस विचारलं तर म्हणाला, "हे बदलत्यात व्हय?" आण्णांचा नंबर दिलाय त्याला. माझा तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर काढून आण्णांच्या गॅरेजच्या माळ्यावर पडलाय, तो मागू नकोस एवढं मात्र सांगितलं, तरी काल आण्णांचा फोन आला, पोरगं ऑइल बदलायला आलंय आणि सारखं वर माळ्याकडं बघतंय.