कव्हरवरचा वानर

गेल्या आठवड्यात पुस्तकाच्या कव्हरचं डिझाईन मेलवर आलं आणि तेव्हापासून डोकं त्यातच अडकलंय. फोटो माझाच आहे, कंबोडियातल्या बांते स्रेई या दहाव्या शतकातल्या देवळातला. गुडघा मोडून बसलेला वानरमुखी द्वारपाल, मागे लाल दगड, सकाळचं ऊन बरोबर गालावर. डिझाईन करणाऱ्या पोराने 'सर, कडक' असं लिहून पाठवलंय. पण तो वानर दहाव्या शतकातला नाहीच.

देवळांचे फोटो काढणं हाच माझा धंदा, अठरा वर्षं झाली. वेरूळ, अंबरनाथ, सिन्नरचं गोंदेश्वर, कुठल्या महिन्यात कुठल्या भिंतीवर किती वाजता ऊन येतं ते मला पाठ आहे. एका प्रकाशकांनी कंबोडियातल्या देवळांवर मराठीत पुस्तक करायचं ठरवलं, लिहिणार मॅडम, इंडॉलॉजीच्या म्हणजे भारतविद्येच्या निवृत्त प्राध्यापक, फोटो मी. जानेवारीत गेलो. 62 डॉलरचा तीन दिवसांचा पास असतो, पण कामासाठी फोटो काढायचे तर अप्सरा अथॉरिटीची, म्हणजे ही देवळं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी वेगळी लागते, तिची कागदपत्रं करण्यात महिना गेला.

बांते स्रेई अंगकोरपासून पंचवीसेक किलोमीटर. 967 साली पूर्ण झालं, आणि राजाने नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधवलं. लोक अंगकोर वाट बघून येतात, हे एवढंसं देऊळ बघून 'बस, इतकंच?' म्हणतात आणि वीस मिनिटांत बसमध्ये जाऊन बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. अहो, मधल्या देवळाचं दार जेमतेम मीटरभर उंच आहे, आणि त्या भोवती वीतभर जागासुद्धा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. वालुकाश्म आहे पण काम चंदनाच्या पेटीवर असतं तसं. आपला बेसॉल्ट असं करू देत नाही.

पहाटे निघालो. तिथली हवा दमट, एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर लगेच धुकं धरतं, म्हणून बॅग मागे डिकीत ठेवायची आणि उतरल्यावर वीस मिनिटं उघडायचीच नाही. दुसरं म्हणजे रंग. कॅमेऱ्याच्या ऑटोवर सोडलं तर तो लाल दगड मळकट पिवळा होतो, नेटवरचे निम्मे फोटो तसेच आहेत. मी दर अर्ध्या तासाने ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा करडा पुठ्ठा, धरून बॅलन्स सेट केला.

सकाळी पूर्वेकडच्या भिंतींवर ऊन समोरून पडतं, कोरीवकाम चपटं दिसतं. पण जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे पायऱ्यांजवळच्या द्वारपालांवर ते जरा डावीकडून येत होतं. मधल्या चौथऱ्याला दोरी लावलेली, जवळ जाता येत नाही, म्हणून लांबचं जवळ आणणारी 70-200 लेन्स लावली आणि त्या एका वानरावर तास-सव्वा तास घालवला. नाकाची सावली वरच्या ओठापर्यंत आली की क्लिक. इतकं मन लावून बऱ्याच दिवसांत काम केलं नव्हतं.

त्या नादात मॅडमना हवं असलेलं मुख्य काम राहिलं होतं, दक्षिणेकडच्या 'ग्रंथालया'च्या (आवारातल्या छोट्या इमारतीला असं म्हणतात) पूर्वेकडचं शिल्प, कैलास हलवणारा रावण. तिथे पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले, गर्दी, हातात दहा मिनिटं. ऊन वरून भिंतीला घासून येत होतं. आणि त्या उन्हात एकेक थर सुटा झाला. खाली रावणाची डोकी एकावर एक रचलेली, पळणारे हत्ती-सिंह, वर प्राणीमुखी गण, त्यावर ऋषी, आणि शेंड्यावर शंकराला घट्ट धरून बसलेली पार्वती. मॅडम इतकंच म्हणाल्या, 'वेरूळच्या कैलासात पण ती अशीच बिलगली आहे हो.' आठ फ्रेम मिळाल्या.

जेवताना गाईड सहज म्हणाला, ते द्वारपाल नकली आहेत, मूळ राजधानी नॉम पेन्हच्या नॅशनल म्युझियममध्ये. चोरीला जाऊ नयेत म्हणून नेले. घास घशातच अडकला. रात्री हॉटेलवर फाईल शंभर टक्क्यांवर उघडली. वानराच्या खांद्यावर बारीक गोल छिद्रं होती, साच्यात हवा अडकली की होतात तशी. दगड असा नसतो. दोरीपलीकडून मला ते दिसलं नाही, पण दिसायला हवं होतं.

आणि चोरीचं म्हणाल तर इथलीच गोष्ट आहे. 1923 मध्ये आंद्रे मालरो नावाच्या तरुण फ्रेंच माणसाने या देवळातल्या देवता कापून नेल्या, नॉम पेन्हला पकडला गेला, दगड परत आणून बसवले. तोच माणूस पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला! म्हणजे चोरलेल्या देवता आज जागेवर अस्सल आहेत आणि त्यांच्यापुढे बसलेले राखणदार साच्यातले.

मी संपादकांना लगेच कळवलं, फोटोखाली 'प्रतिकृती' लिहा. ते म्हणाले, 'अरे, कव्हरवर कोण असलं लिहितं? वाचकाला काय फरक पडतो?' वाचकाला काही कळत नाही असं धरून चालणारे लोक या धंद्यात फार झालेत. मला वाटलं मॅडम माझ्या बाजूने उभ्या राहतील. एका शिलालेखाच्या वाचनासाठी चार दिवस घालवणारी बाई ती. पण त्या फोनवर म्हणाल्या, 'आत टीप टाकूया, कव्हर राहू दे, तीन वर्षं झाली हो या पुस्तकाला.' त्यांचं वय, त्यांचे कष्ट, सगळं मला माहितीय, पुढे काय बोलणार? पण कव्हर बघणारा टीप शोधत बसत नाही.

मी रावण कव्हरवर घ्या म्हटलं. उत्तर आलं, चित्र गर्दीचं आहे, नावाला जागा नाही. काल रात्री त्या आठ फ्रेम परत काढल्या. एकीत वरची नागाची कमान आणि तिच्यावर हातभर रिकामं आकाश आहे. त्यात पुस्तकाचं नाव बसवून पाठवलंय, आणि वानराच्या फाईलच्या मेटाडेटात, म्हणजे फाईलसोबत जाणाऱ्या माहितीत, 'प्रतिकृती, मूळ नॉम पेन्ह' असं लिहून ती पण परत पाठवलीय. अजून उत्तर नाही.