फवारणी तिनं केलीच नव्हती

आमच्या नारायणगाव पट्ट्यात विषबाधेची केस आली की सोबतची माणसं गाडीतून उतरता उतरताच सांगतात, "आधी पोट धुवा." त्या दिवशी तसं कुणी म्हणालं नाही. तिशीतली बाई, ढोबळी मिरचीच्या पॉलिहाऊसमध्ये रोजानं जाणारी. तोडणी चालू असताना उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. गावातल्या डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून दोन सलाईन लावली आणि आराम पडेना तेव्हा आमच्याकडे पाठवलं. एप्रिल महिना, त्यात पॉलिहाऊसमधला उकाडा आणि दमटपणा. ऊनच लागलं असेल असं कुणालाही वाटलं असतं.

पण उष्माघाताच्या पेशंटचं अंग तापलेलं असतं, नाडी पळत असते, तोंडाला कोरड पडलेली असते. हिचा ताप 99 च्या आत, नाडी 54, आणि ओठांच्या कडेनं लाळ गळत होती. डोळ्यांत टॉर्च मारला तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पोटरीवर हात ठेवला तर कातडीखाली स्नायू बारीक थरथरत होते. छातीत दोन्ही बाजूंना घरघर. इतकं सगळं एकत्र दिसल्यावर ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाशिवाय दुसरं काही मनात येत नाही.

"हिनं फवारणी केली होती का?"

"नाही मॅडम, ती तोडणीला असते. औषध मारायला मालकाचा माणूस आहे."

मालकानंही फोनवर तेच सांगितलं, आणि ते खरंच होतं. आमच्या भागातले बहुतेक डॉक्टर हा एकच प्रश्न विचारतात आणि 'नाही' म्हटलं की कीटकनाशकाचा विषय तिथंच संपतो.

तिच्या अंगावर लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट होता. शेतात जाणाऱ्या सगळ्याच बायका असा शर्ट घालतात. ऊन लागू नये, हाताला खरचटू नये, पानांचे डाग लुगड्याला पडू नयेत म्हणून. बाह्या कोपरापर्यंत हिरव्या-काळ्या झालेल्या आणि अजून ओलसर होत्या. हाच शर्ट अंगात ठेवून तिला दोन सलाईन चढली होती. त्या वेळभर ते विष कातडीतून आत जात होतं. घामानं भिजलेल्या, गरम कातडीतून ते जास्तच वेगानं जातं. आमच्या सिस्टरनं मी सांगायच्या आधीच हातमोजे चढवून शर्ट कापला, लुगडं सोडलं, सगळं पिशवीत बांधून बाहेर ठेवलं. मग साबणानं अंग, केस, कानांमागचा भाग, नखांच्या आतली घाण, सगळं दोनदा धुतलं. या कामाचं कौतुक कुठल्याच पुस्तकात नाही. मला मात्र त्या सिस्टरचा अभिमान आहे, कारण ॲट्रोपिन या उताऱ्याच्या इंजेक्शनाइतकंच या धुण्यानंही तिला वाचवलं.

ॲट्रोपिनचं एक सांगायला हवं. अँप्युल 0.6 मिलिग्रॅमचं. पहिल्यांदा तीन दिली, पाच मिनिटांनी छाती ऐकली, घरघर तशीच, मग सहा. असं दुप्पट करत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी 80 च्या वर येईपर्यंत. फक्त बाहुल्यांकडे बघत बसलं की फसगत होते. पण हेच औषध उष्माघाताच्या पेशंटला दिलं तर त्याचा घाम थांबतो आणि ताप आणखी चढतो. म्हणजे ऊन की विष हे आधी ठरवावंच लागतं, अंदाजानं दोन्हींवर इलाज करता येत नाही. तिची छाती मोकळी झाली तेव्हा दुपार टळली होती.

तोवर नवऱ्यानं बाटलीचा फोटो मागवला होता. लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची खूण. मोनोक्रोटोफॉस, त्याच ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं. भाजीपाल्यावर त्याचा वापर 2005 सालीच बंद केलेला आहे. मालकाकडे जुनी बाटली पडून होती, मिरचीवरचा थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, कशानंच हटेना, म्हणून आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दोन औषधांत मिसळून, औषध पानाला चिकटून राहावं म्हणून स्टिकर घालून मारलं. मग वाफ आत टिकावी म्हणून साईडचे पडदे खाली सोडले. ते रात्रभर तसेच होते. पहाटे बाया आत शिरल्या तेव्हा पानं ओली होती. बाहेरच्या रानात ऊन, वारा आणि पाऊस फवारलेलं औषध कमी करत जातात. प्लॅस्टिकच्या कागदाखाली तसं होत नाही. दोरीला बांधलेली झाडं डोक्याच्या वर गेलेली, ओळींमधली वाट जेमतेम अंगापुरती, त्यामुळे फळ तोडताना दोन्ही हातांना, मानेला, गालांना पानं घासतातच. फवारणाऱ्याला निदान आपण काय मारतोय ते ठाऊक होतं. त्यानं मास्कही बांधला होता.

संध्याकाळी हवालदार जबाबाला आले. त्यांचा पहिला प्रश्न, "घरात काही भांडण?" दुसरा, "पोट धुतलं का?" मी सांगितलं, काही प्यायलेलं नाही, कातडीतून गेलंय. त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं. बाईच्या अंगात कीटकनाशक सापडलं की ती स्वतः प्यायली किंवा तिला कुणी पाजलं, याच्या पलीकडे आमची व्यवस्था विचारच करत नाही. तो माणूस रात्री आठपर्यंत स्टेशनात बसून होता. कारण म्हणून मी कागदावर स्पष्ट लिहिलं, 'कामाच्या ठिकाणी, त्वचेवाटे'. ते शब्द पुढच्या कुठल्या रजिस्टरात गेले, मला दिसलेलं नाही.

पुढचे दिवस आम्ही रोज तिला उशीवरून मान उचलायला सांगत होतो. पहिल्या चार दिवसांत मान पडली तर श्वासाचे स्नायूही पाठोपाठ थकतात. सुदैवानं मान पडली नाही. पुण्याहून कोलिनएस्टरेजचा, म्हणजे हे विष रक्तातलं जे एन्झाइम बंद पाडतं त्याचा, रिपोर्ट आला, पातळी बरीच खाली. तिची नेहमीची पातळी किती, हे आम्हाला कुठून कळणार? आधी कुणी मोजलीच नव्हती. 1971 च्या कीटकनाशक नियमांत फवारणीच्या कामात विषाशी संबंध येणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची आणि या रक्ततपासणीची तरतूद आहे. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशा तपासणीसाठी पाठवलेला मजूर माझ्यापुढे आलेला नाही.

यवतमाळला 2017 मध्ये वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, तेव्हा निदान चौकशी बसली, मास्क-हातमोजे वाटले गेले. ते सगळं फवारणाऱ्यांसाठी होतं. दुसऱ्या दिवशी पिकात शिरणाऱ्या बाईचं नाव त्यात नव्हतं. शेतकरी अपघात योजनेतही तिला जागा नाही, कारण सातबाऱ्यावर घरातल्या कुणाचंच नाव नाही, आणि ती मेली नाही किंवा कायमची अपंग झाली नाही.

नंतर मी ते पॉलिहाऊस बघून आले. मालक वाईट माणूस नाही. दवाखान्याचं बिल त्यानंच भरलं. पॉलिहाऊसला सरकारी मापदंडाच्या खर्चाच्या निम्मं अनुदान मिळतं, त्यासाठी जागेवर येऊन होणाऱ्या मोका तपासणीत पाइपची जाडी आणि कागदाचे मायक्रॉन तपासतात. हात धुवायला नळ आहे का, हे कुणी विचारत नाही. नळ नव्हताच. बाया मिरचीच्या ओळीतच बसून भाकरी खात होत्या, बाहेर सावली नाही म्हणून. एकीनं त्याच हातानं मिश्री लावली. विचारलं तर सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. औषध मारल्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, धूसर दिसतं, मळमळतं. "होतं तसं मॅडम, दुपारनंतर जातं." एक जण मिरची फुलावर आली की शिंकून बेजार होते. नेदरलँड्समधल्या हरितगृहांत ढोबळी मिरचीच्या परागकणांची ॲलर्जी कामगारांमध्ये व्यवस्थित तपासली गेली आहे. इथं तिला सर्दी म्हणतात.

मालकानं नळ बसवला, फवारणीची तारीख-वेळ दारावर लिहायला लागला. फवारणीनंतर दोन दिवस तोडणी बंद ठेवा म्हटलं, तर म्हणाला, "आठवड्यात दोनदा गाडी मुंबईला जाते मॅडम. माल लाल पडला तर व्यापारी उचलत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तोच माल तिकडे कुणाच्या तरी ताटात जातो, हेही मी बोलून दाखवलं. तो गप्प बसला.

ती तपासणीला आली तेव्हा तिनं एकच विचारलं, कामावर कधी जाऊ? मी म्हटलं, रक्तातली पातळी भरून यायला तीन-चार महिनेही लागू शकतात, तोवर थोडंसं विषसुद्धा पुन्हा आडवं करेल. एवढे दिवस घरी बसणं तिला शक्य नाही हे मलाही ठाऊक होतं. मालकाशी बोलून तिला पॅकिंगला बसवलं आहे. तिथं दिवसाची मजुरी पन्नास रुपयांनी कमी मिळते. तिच्या जागी तोडणीला तिची जाऊ जाते. मी तिला रक्त तपासायला बोलावलंय. अजून आलेली नाही.