एक डोळा वर, एक डोळा खाली

मुलांना घेऊन शिवायला बसलं की मोठ्यांचेच हात शिवशिवू लागतात. टाका तिरका गेला, दे इकडे. कड वाकडी कापली, थांब मी करतो. अर्ध्या तासात खेळणं मोठ्यांचं होतं आणि मूल शेजारी बसून चिंध्या मोजत राहतं. फेल्टच्या जाडसर कापडाचं खेळणं शिवताना तरी हे टाळता येतं, कारण त्यात मोठ्यांचं काम जवळजवळ सगळं आधीच उरकलेलं असतं: कापड निवडणं, आकार ठरवणं, दोरा मापात तोडणं. खेळणं बिघडलंच तर बहुधा यातल्याच एखाद्या गोष्टीत गडबड झालेली असते. मुलाच्या वाकड्या टाक्याला उगाच बोल लागतो.

फेल्ट विणलेलं नसतंच. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि चोळणं एकत्र मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कृत्रिम धाग्याच्या फेल्टमध्ये हेच गुंतवण्याचं काम यंत्रातल्या काटेरी सुया करतात. त्यात ना उभा धागा ना आडवा, म्हणून कात्री कुठूनही फिरवा, कडेचे दोरे सुटत नाहीत. कड दुमडायला नको, आतून शिवून मग सुलट करायला नको. सुती कापडाच्या खेळण्यात मुलांचा धीर संपतो तो नेमका या उलटवण्यात. एवढ्या कष्टानं शिवलेला कान आतच चुरगळून बसतो आणि पेन्सिलीनं ढोसला तर शिवण उसवते. फेल्टला ही भानगडच नाही, शिवायचं ते बाहेरूनच.

जाडी १ ते १.५ मिलिमीटर असावी. त्याहून पातळ असेल तर आतलं भरण दिसतं, आणि ३ मिलिमीटरच्या दोन थरांतून सुई ढकलताना मुलांची बोटं दुखतात. घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. तुकडा उजेडासमोर धरल्यावर मागची बोटं दिसतात का, आणि कड नखात धरून ओढल्यावर तंतू सुटून येतात का. दुसऱ्या परीक्षेत नापास झालेलं कापड शिवताना ठीक वाटतं, पण भरताना टाके कडेतून सरळ फाडून बाहेर येतात. खळ घातलेलं ताठ फेल्ट सजावटीला छान दिसतं. ते फुगत मात्र नाही, म्हणून या कामाला ते घेऊ नये.

आता आकार. मुलं कागदावर जे काढतात त्याला बारीक मान, काडीसारखे पाय आणि लांब शेपटी असते. तसंच्या तसं कापलं तर हिरमोड ठरलेला. सपाट असताना जे रुंद दिसतं ते भरल्यावर गोल होतं आणि अरुंद दिसतं. हिशेब सोपा आहे: ६ सेंटिमीटर रुंद नळी भरून गोल झाली की तिची जाडी ३.८ सेंटिमीटरच उरते. २ सेंटिमीटर रुंदीच्या पायातून दोन्हीकडची ३-३ मिलिमीटर शिवण वजा केली तर भरलेला पाय जेमतेम ९ मिलिमीटरचा होतो, आणि त्यात भरण घालायला बोट जातच नाही. म्हणून धड एकसंध, फुगीर आणि साधारण १५ सेंटिमीटर उंचीचं ठेवावं. देवमासा, घुबड, बसकी मांजर, बटाट्याच्या आकाराचा कुठलाही राक्षस चालेल. कान, पंख, शेपटी, पाय हे भरायचेच नाहीत. ते एकेरी तुकड्याचे कापून, मुळाशी १ सेंटिमीटर आत जाईल असे दोन थरांच्या मध्ये धरायचे आणि कडेसोबत शिवून टाकायचे. मुलाचं चित्र तसंच ठेवून त्याचा फक्त घेर वाढवायला सांगितलं तर मुलं हरकत घेत नाहीत. ‘याला जाडा कर’ हे त्यांना लगेच पटतं.

फेल्टची खेळणी काही नवी नाहीत. जर्मनीतल्या गींगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये फेल्टचा एक छोटा हत्ती केला, तोही टाचण्या टोचून ठेवायची उशी म्हणून. मुलांनी तो खेळायला घेतला आणि पुढे त्यातूनच खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. लहानपणच्या पोलिओनं त्यांचे पाय निकामी झाले होते आणि उजवा हातही नीट चालत नसे. ज्या कापडाला कड दुमडावी लागत नाही ते अशा हातांना किती सोयीचं, हे सहा वर्षांच्या मुलाची बोटं पाहिली की समजतं.

कापताना दोन थर एकत्र कापायचा मोह होतो. खालचा थर सरकतो आणि दोन भाऊ वेगवेगळ्या मापाचे निघतात. त्यापेक्षा कागदी साचा ठेवून खडूनं किंवा साबणाच्या चिपेनं दोनदा आखावं आणि एकेक कापावं. बॉलपेन नको, त्याची रेघ कडेला शेवटपर्यंत दिसत राहते. कागद कापून बोथट झालेली कात्री फेल्ट चावते, कापत नाही. लहान पण धारदार कात्रीच द्यावी आणि शेजारी बसावं. मुलांना एवढंच सांगायचं की कात्री जागेवर, कापड फिरव. तरीही दोन तुकडे जुळले नाहीत, तर एकमेकांवर ठेवून बाहेर आलेली कड छाटली की झालं.

चेहरा आधी, जोडणं नंतर. हा क्रम चुकला की गाठी लपवायला मागची बाजूच उरत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी फुलीचा डोळा उत्तम: दोन टाके आणि काम संपलं. फेल्टचा इवलासा गोल कापणं त्यांना जमत नाही, त्यांच्या हातून तो षटकोनी होतो. (षटकोनी डोळ्याचं घुबड वाईट दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.) खेळणं तीन वर्षांखालच्या भावंडाच्या हाती जाणार असेल तर मणी आणि बटणं अजिबात नकोत. डिंकानं चिकटवलेले डोळेही नकोत. कडक झालेल्या डिंकातून सुई जात नाही आणि डोळा तर निघतोच. डोळे कुठे लावायचे हे मात्र मुलानं ठरवावं. खाली आणि एकमेकांपासून लांब असले की प्राणी तान्हा वाटतो, वर आणि जवळ असले की खडूस.

भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात, त्यातले तीन घ्यावेत. तिन्ही एकदम ओढले तर गुंता होतो, एकेक पदर सुटा करून मग एकत्र धरावा. लांबी ४५ सेंटिमीटर, म्हणजे मुलाचा हात एका झटक्यात ओढू शकेल इतकीच. सारखं ओवावं लागू नये म्हणून मीटरभर दोरा देणं ही मोठ्यांची आवडती चूक. तो पाचव्या टाक्याला पीळ खातो, सातव्याला गाठ. पीळ पडलाच तर काम उलटं धरून सुई लोंबकळू द्यावी, ती गरगरा फिरते आणि दोरा मोकळा होतो. मुलं मग हे मुद्दाम करू लागतात. सुई टोकदार आणि मोठ्या नेढ्याची हवी. टोचू नये म्हणून दिलेली बोथट सुई फेल्टमध्ये घुसत नाही, मूल जोर लावतं आणि ती निसटून भलतीकडे जाते. दोरा नेढ्यातून सुटत राहिला तर नेढ्यापाशीच एक बारीक गाठ मारून द्यावी.

दोन थर धरायला टाचण्यांऐवजी कागदाचे छोटे चिमटे लावावेत. आत राहिलेली टाचणी भरणात शोधून सापडत नाही आणि खेळताना बरोब्बर सापडते. सुयाही मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या.

पहिला टाका दोन थरांच्या मधून बाहेर काढला की गाठ आतच राहते. टाका कोणता, यावर मतभेद आहेत. ब्लँकेट टाका, म्हणजे कडेवर दोऱ्याचे फास अडकवत जाणारा, सर्वांत देखणा, पण दोऱ्याचा फास कोणत्या बाजूला धरायचा हे नऊ-दहा वर्षांच्या आत पक्कं होत नाही. बरेच जण धावदोऱ्यापासून सुरुवात करतात. त्यात एकदा वरून, एकदा खालून हे लक्षात ठेवावं लागतं, आणि मूल विसरून प्रत्येक वेळी वरूनच सुई घालतं. दोरा कडेला वळसा घालतो. म्हणजे मुलांचा हात चुकून ज्या टाक्याकडे जातो तोच या कामाला योग्य आहे: कडेला गुंडाळत जाणारा टाका. तोच आधी शिकवावा. कडेपासून ३ ते ४ मिलिमीटर आत, दोन टाक्यांत ५ मिलिमीटर. अंतर पाऊण-एक सेंटिमीटरवर गेलं की भरण डोकावतं. अशा वेळी उसवू नये, दुसऱ्या रंगाचा दोरा घेऊन मधल्या जागांतून आणखी एक फेरी मारावी; ती मुद्दाम केल्यासारखी दिसते. दोरा फार आवळला तर कडेला चुण्या पडतात, ‘दोरा झोपला की थांब’ म्हटलं तर कळतं. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी दोन्ही थर चिमट्यात धरून दर ६ मिलिमीटरवर आधीच भोकं पाडून ठेवावीत.

भरायची फट ५ सेंटिमीटरची, सरळ बाजूला, कानाशेजारी नको. इथे दोरा तोडायचा नाही, सुई पिनकुशनला टोचून तशीच ठेवायची. १५ सेंटिमीटरच्या खेळण्याला कृत्रिम भरण साधारण २०-२५ ग्रॅम लागतं. मुलं सगळा गोळा एकदम कोंबतात, म्हणून गुठळ्या होतात आणि कोपरे रिकामे राहतात. चिमटीएवढं घ्यायचं, पिंजून मोकळं करायचं, आधी कोपरे, मग मधलं पोट. ढकलायला पेन्सिलीची मागची बाजू पुरते. कापूस भरला तर पहिल्या धुण्यात त्याचे गड्डे होतात, आणि लोकरीचं फेल्ट कोमट पाण्यात चोळलं तर आटतंही, म्हणून डाग ओल्या फडक्यानं पुसलेला बरा.

फट बंद झाल्यावर जागच्या जागी दोन बारीक टाके घेऊन गाठ मारायची, सुई पोटातून दूर कुठेतरी बाहेर काढायची, दोरा ताणून कापडालगत कापायचा. टोक आपोआप आत जातं. खेळताना शिवण उसवते तीही बहुतेक वेळा या फटीपाशी किंवा कानाच्या मुळाशी. दुरुस्तीसाठी त्याच रंगाचा थोडा दोरा पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवावा. फाटलेला कान शिवायला मूल स्वतःच सुई मागतं, आणि या खेपेला त्याला टाका दाखवावा लागत नाही.