आईला घेऊन अमेरिकेला जाताना सिक्युरिटी चेकला काय काय झालं, आणि तुम्ही घरूनच काय करून निघा

नोव्हेंबरात आईला घेऊन न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो होतो. बहिणीचं बाळंतपण होतं. आईचं वय ७१, दोन्ही गुडघे बदललेले, आणि आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. मी तीन आठवड्यांत परत आलो, आई फेब्रुवारीत एकटी आली. जातानाचा सिक्युरिटी चेकचा अनुभव फार मनस्ताप देणारा होता, अजून आठवलं की राग येतो, पण घरी बसून नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्यातलं निम्मं तरी टाळता आलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. विमानतळाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तिथं चांगली माणसंही भेटली आणि शिफ्ट बदलली की अनुभवही बदलतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मला ही कुणी सांगितलीच नव्हती. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय विमानाला सहसा क्रम असा असतो की आधी चेक-इन, मग इमिग्रेशन, आणि मग सिक्युरिटी. म्हणजे सिक्युरिटीवाले जेव्हा तुमच्या पिशवीतली वस्तू बाजूला काढतात तोपर्यंत मोठी बॅग पट्ट्यावरून गेलेली असते, पासपोर्टवर शिक्का बसलेला असतो, आणि सोडायला आलेली माणसं काचेच्या पलीकडे कुठंतरी लांब असतात. वस्तू बॅगेत घालता येत नाही, घरी परत पाठवता येत नाही. टाकायची किंवा विमान सोडायचं, दोनच पर्याय उरतात. म्हणून कुठली वस्तू कुठं जाणार हे सगळं घरी, पलंगावर सामान पसरून ठरवायचं. तिथं गेल्यावर काही ठरवता येत नाही.

आम्ही सांगलीहून दुपारीच निघालो होतो, विमान पहाटे सव्वाचारचं, रात्री बाराला आत शिरलो. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली. चेक-इन झालं, इमिग्रेशनकडे निघणार तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. मोठ्या बॅगेत खोबऱ्याच्या दोन अख्ख्या वाट्या होत्या. आईनं बाळंतिणीसाठी लाडू, आळीव, मेतकूट, सुंठ, बाळंतशेपा सगळं बांधलं होतं, आणि तिकडं चांगलं खोबरं मिळत नाही म्हणून वाट्या घातल्या होत्या. सुकं खोबरं विमानाच्या हिशोबात धोकादायक मालात धरतात, त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आपण आयुष्यभर स्वयंपाकघरात ठेवलेली वस्तू, कुणाच्या डोक्यात येणार हे? बॅग उघडली, वाट्या काढून दिल्या, सगळं परत कोंबलं, यात पंचवीस मिनिटं गेली. कापूर आणि काड्यापेटीचंही तसंच, पूजेचं सामान नेणाऱ्यांनी या दोन गोष्टी घरीच ठेवा, उदबत्ती घेऊन जा.

एक गोष्ट मात्र आमची बरोबर झाली होती. ऑफिसमधला एकजण दुबईला राहून आलाय, त्यानं आधीच बजावलं होतं की खसखस अजिबात नेऊ नकोस. यूएईमध्ये आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते. आमचं विमान आखातात बदलायचं होतं, त्यामुळं आईनं डिंकाचे लाडू खसखशीशिवाय केले. तिला ते पटलं नव्हतं, पण केले. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी अनारशांचं लक्षात ठेवा, त्याला बाहेरून खसखसच लावलेली असते.

आता मुख्य सिक्युरिटी. पाऊण तास रांग. आपल्याकडे बायकांची आणि पुरुषांची तपासणी वेगळी होते आणि बायकांची पडद्याआड होते, हे चांगलंच आहे, पण त्याचा अर्थ असा की मी आईबरोबर जाऊ शकत नव्हतो. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा तिला एका बाजूला घेऊन गेला, मी दुसऱ्या बाजूला, आणि आमच्या दोघांच्या पिशव्या तिसरीकडंच पट्ट्यावर. तिची पर्स, तिचा मोबाइल, चष्म्याची केस, सगळं ट्रेमध्ये. म्हणजे तिच्याकडं मला हाक मारायलाही काही नव्हतं.

गुडघ्यात धातू आहे, दारातनं जाताना वाजणारच. ते वाजलं. मग हातातल्या यंत्रानं वाजलं. आत जी बाई होती ती भराभरा हिंदीत बोलत होती, आईला हिंदी समजतं पण सावकाश बोललं तर. डॉक्टरांचं पत्र होतं, पण ते माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि सॅक पट्ट्यावर. मी पलीकडून ओरडून सांगत होतो, ऑपरेशन झालंय, दोन्ही गुडघे, तर एक जवान मला म्हणाला, आप आगे बढ़िए, भीड़ मत कीजिए. आईला साडी गुडघ्यापर्यंत वर करून व्रण दाखवावे लागले. पडद्याआडच, पण पडदा पूर्ण ओढलेला नव्हता असं ती नंतर म्हणाली. आणि वर पाटल्या काढा म्हणाले. तिच्या पाटल्या लग्नापासून हातात आहेत, चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, आता मनगट जाड झालंय आणि त्या निघतच नाहीत. तरी ती बिचारी काढायचा प्रयत्न करत राहिली. बाहेर आली तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलून लाल झाली होती आणि ती पदरानं झाकत होती, मला दिसू नये म्हणून.

मला नियमाबद्दल तक्रार नाही. गुडघ्यात धातू आहे म्हणून तपासू नका असं मी म्हणत नाही, तपासलंच पाहिजे. पण म्हाताऱ्या माणसाशी दोन मिनिटं सावकाश बोललं, पडदा नीट ओढला, बरोबरच्या माणसाकडनं कागद मागून घेतला, तर सुरक्षितता तसूभरही कमी होत नाही. हे मी लेखीही कळवलंय, आणि तुम्हालाही असं काही झालं तर तिथल्या तिथं ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला भेटायचं आहे म्हणून सांगा आणि घरी आल्यावर तारीख, वेळ, गेट घालून लेखी द्या.

तर गुडघे, खुबा, पेसमेकर असं काही असेल त्यांच्यासाठी. डॉक्टरांचं पत्र पिशवीत ठेवू नका, त्या माणसाच्या हातात द्या, पासपोर्टच्या आत घालून. पत्रानं तपासणी चुकत नाही हे लक्षात ठेवा, पण काय आणि कुठं आहे हे न बोलता कळतं. आम्ही नंतर आईसाठी एक जाड कार्ड केलं, हिंदी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरात, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, हातातल्या पाटल्या निघत नाहीत, कृपया सावकाश बोला, आणि खाली माझा नंबर. पेसमेकरवाल्यांनी त्याचं ओळखपत्र जवळ ठेवा आणि हातानं तपासा म्हणून आधीच सांगा, हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नका. बायकांना तपासणी बंद खोलीत हवी असेल तर तसं मागता येतं. आणि आईबरोबर घरातली बाई जाणार असेल तर फारच उत्तम, बहीण, सून, कुणीही, पडद्यापर्यंत तरी जाता येतं.

इकडं माझ्या पिशवीचं वेगळंच चाललं होतं. एकेक करून तीन गोष्टी बाजूला काढल्या. पहिलं तूप. घरचं लोणकढं तूप, २०० मिलीच्या बाटलीत अर्धंच भरलेलं. मी म्हटलं अर्धीच बाटली आहे, आणि थंडीनं घट्ट झालंय, हे लिक्विड कुठाय. पण नियमात तूप, श्रीखंड, लोणचं, चटणी, टूथपेस्ट सगळं एकाच माळेत येतं, आणि बाटलीत किती उरलंय ते बघत नाहीत, बाटली केवढ्याची आहे ते बघतात. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली असेल तर तळाशी चमचाभर असलं तरी जाते. हा नियम आला तो २००६ च्या ऑगस्टनंतर, लंडनहून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवायचा कट पोलिसांनी पकडला तेव्हापासून. कारण माहीत असलं की राग जरा कमी येतो. औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध याला सूट असते, पण औषधाला चिठ्ठी लागते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातच ठेवा, खाली सामानाच्या कप्प्यात गोठलं तर वाया जातं.

दुसरी पॉवर बँक. माझी २०,००० एमएएचची, पूर्णपणे नियमात बसणारी, पण वापरून वापरून मागचं लेबल पुसलं गेलं होतं. आकडा वाचता येत नाही म्हणून ठेवून घेतली. हिशोब सोपा आहे, एमएएचला ३.७ नं गुणायचं आणि १००० नं भागायचं, म्हणजे २०,००० चे ७४ वॉट-अवर झाले, मर्यादा १०० ची आहे, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पण लेबलच नसेल तर हिशोब कशाचा करणार! मोठ्या बॅगेत तर घालूच नका, तिथं चालतच नाही, नाव पुकारून बॅग उघडायला लावतात. आणि आता कंपन्यांचे आपापले नियम पण येतायत, एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक आणि तीही विमानात वापरायची नाही असं केलंय, तर तिकीट काढल्यावर तुमच्या कंपनीचं बघून घ्या.

तिसरी वस्तू आईच्या पानाच्या चंचीत होती. अडकित्ता. पितळी, मुठीला दोन मोर, पाती झिजून बारीक झालेली, माझ्या आजीचा. चंची मी बघितलीच नव्हती. सगळ्या बॅगा मी स्वतः भरल्या, वजन केलं, यादी केली, पण चंची आईच्या पर्समध्ये रोजच असते म्हणून ती सामानात धरलीच नाही. त्यांचं काही चुकलं नाही, पातं ते पातं. मी विचारलं बाहेर मामा आहे, त्याच्याकडं देता येईल का, तर इमिग्रेशन झाल्यावर बाहेर जायचं म्हणजे ते रद्द करायला लागतं, एअरलाइनचा माणूस लागतो, आणि बोर्डिंगला पन्नास मिनिटं राहिली होती. आई म्हणाली, राहू दे रे, चल. बाजूच्या टेबलावर एका प्लास्टिकच्या टबात कात्र्या, लायटर, स्क्रू-ड्रायव्हर पडले होते, त्यात तो टाकला.

म्हणून सांगतो, म्हाताऱ्या माणसांची रोजची पिशवी, चंची, कनवटीचं पाकीट, गोळ्यांचा डबा, हे सगळं आदल्या दिवशी त्यांच्यासमोर बसून रिकामं करा आणि पुन्हा भरा. नखं कापायची कात्री, सुईदोरा, चाकू, सगळं मोठ्या बॅगेत. ज्या वस्तूवर जीव आहे ती नेऊच नका.

लाडवांचा डबा मात्र वाचला, पण दोनदा स्कॅनरमधनं गेला. स्टीलचा डबा आणि आत घट्ट गोळे, पडद्यावर काळा ठोकळाच दिसत असणार. प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात न्या आणि डबा ट्रेमध्ये वेगळा ठेवा, चार्जर-वायरींचा गुंता पण तसाच बाहेर काढून ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी अजून एक, २०१८ पासून पिठासारख्या वस्तूंवर तिकडचा नियम आहे, हातातल्या सामानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर जास्तीची तपासणी होते नाहीतर काढून ठेवतात. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, सगळं मोठ्या बॅगेत घाला.

विमान बदलताना आखातात पुन्हा सिक्युरिटी, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इथून ड्युटी-फ्रीमधनं काही बाटलीतलं घेतलं तर सीलबंद पिशवी पावतीसकट तशीच ठेवा, शेवटच्या विमानात चढेपर्यंत फोडू नका. अबू धाबीवरून जाणाऱ्यांची अमेरिकेची इमिग्रेशन तिथंच होते, म्हणून मधला वेळ निदान तीन-साडेतीन तास तरी असलेलं तिकीट घ्या. माझ्या बोर्डिंग पासवर इंग्रजी एस चार वेळा छापला होता, म्हणजे जास्तीच्या तपासणीसाठी निवड. बॅग पूर्ण उघडून, हाताला आणि लॅपटॉपला कापडी पट्टी घासून यंत्रात घालतात. घाबरायचं कारण नाही, वीस मिनिटं जातात, पण गेटवर लवकर पोचा. आदल्या दिवशी वेब चेक-इन होत नसेल तर हे असू शकतं. दर वेळी होत असेल तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडं अर्ज करून रीड्रेस नंबर मिळवता येतो, तो तिकिटात घालायचा.

वेळेचं म्हणाल तर चार तास आधी आत असा, व्हीलचेअर असेल तर नक्कीच. डिजीयात्रेचा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायच्या अ‍ॅपचा, आंतरराष्ट्रीयला उपयोग नाही. इमिग्रेशनची रांग वाचवायला मोठ्या विमानतळांवर सरकारची ट्रस्टेड ट्रॅव्हलरची फुकट नोंदणी आहे, ती करून ठेवा, पण सिक्युरिटीची रांग त्यानं टळत नाही.

फेब्रुवारीत आई एकटी परत आली. बहिणीनं तीन दिवस आधी टीएसए केअर्सला, म्हणजे तिकडच्या विमानतळ सुरक्षेच्या मदत-सेवेला, फोन करून गुडघ्यांचं सांगून ठेवलं होतं. आईनं कार्ड दाखवलं, तिला ते उभं राहायचं स्कॅनर होतं, त्यात शरीराच्या आतला धातू वाजत नाही. बूटही काढायला लावत नाहीत आता, जुलै २०२५ पासून बंद केलंय. पाटल्यांकडं कुणी बघितलंही नाही म्हणाली.

मी तिला आणायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर, पनवेल मागं पडल्यावर म्हणाली, अरे ते टेबल काही दिसलं नाही येताना, मी बघत होते. म्हटलं आई, येणाऱ्यांचा रस्ता वेगळा असतो.